युद्धकाळात कागदाची किंमत

उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, अशी ताकीद कुरआनने सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत दिली आहे. आपले व्यापारी बांधव ती वहीखात्यापुरती पाळतात. परंतु रोजगारासाठी परदेशी गेलेल्यांना कागदाची खरी किंमत कुवेतच्या युद्धाने शिकविली.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतचा ताबा घेतला. तेथे दीड लाखाहून अधिक भारतीय होते. रत्नागिरी-रायगडकडील अनेक कारागीर, ड्रायव्हर व दुकानदार त्यांत होते. विमानतळ बंद झाल्याने बसरा, बगदाद व पुढे वाळवंटातून जॉर्डन हाच मार्ग उरला. पण सरहद्द ओलांडायची कशी? कित्येकांचे पासपोर्ट कफीलच्या कपाटात आणि कफील देश सोडून गेलेला!

अशा प्रसंगी वकिलातीचा कागदच कामी येतो. पासपोर्ट हरवलेल्या किंवा अडकलेल्या नागरिकास भारतीय वकिलात 'इमर्जन्सी सर्टिफिकेट' देते. त्यावर फक्त एकदा, मायदेशी परतण्यापुरता प्रवास करता येतो. तत्कालीन परराष्ट्रमंत्री इंदरकुमार गुजराल यांनी बगदादला जाऊन सद्दाम हुसेन यांची भेट घेतली. त्यानंतर एअर इंडियाने अम्मानहून सुमारे दोन महिन्यांत १ लाख ११ हजारांच्या आसपास लोकांना परत आणले.

गोष्ट येथेच संपत नाही. १९९१ साली संयुक्त राष्ट्रसंघाने नुकसानभरपाई आयोग नेमला. युद्धामुळे कुवेत वा इराक सोडावे लागलेल्या व्यक्तीस २,५०० डॉलर व कुटुंबास ५,००० डॉलर अशी मूळ ठोक रक्कम ठरली. त्यासाठी देश सोडल्याचा व त्या तारखेचा साधा पुरावा पुरेसा होता. म्हणजे ज्या कागदाने सुटका केली, त्याच कागदाने पुढे हक्कही मिळवून दिला! दुकान व माल गमावलेल्यांना मात्र नुकसानीचा व रकमेचा पुरावा द्यावा लागला. ज्यांची बिले, हिशेबवह्या तेथेच राहिल्या, त्यांची अडचण आपण समजू शकतो.

आखातातील बहुतेक देशांत कामगाराचा पासपोर्ट अडकविणे आज कायद्याने मना आहे. तरी ही प्रथा पुरती गेलेली नाही. म्हणून परदेशी जाणाऱ्याने पासपोर्ट, व्हिसा, इकामा व करारपत्राच्या झेरॉक्स घरी ठेवाव्यात आणि वकिलातीत नाव नोंदवावे. पासपोर्टचा नंबर हाताशी असला की ओळख पटण्यास वेळ लागत नाही. तेथे दुकान असणाऱ्यांनी मालाच्या बिलांची एक प्रत गावी पाठवीत जावी. तवक्कुल अल्लाहवर असावा. पण उंट बांधून.