ढिली राहिलेली तार

विहारातल्या सभेत ज्याच्या मुद्द्यांपुढे कोणी टिकत नाही, असा एखादा कार्यकर्ता प्रत्येक वस्तीत असतो. वाचन दांडगं, हिशेब चोख. पण घरी मुलगी दहावीत नापास होऊन रडत बसली की हाच माणूस तिला तिच्या चुकांची यादी ऐकवतो. तिला तेव्हा बाप नुसता जवळ बसायला हवा असतो. त्याला ते कळतं, पण जमत नाही. मग रात्री भाजीत मीठ कमी पडल्याचं निमित्त होतं, ताट सरकवलं जातं आणि दोन दिवस अबोला. घरचे म्हणतात, स्वभावच तसा.

स्वित्झर्लंडचे मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली स्वभावांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांच्या मते मन चार प्रकारे काम करतं : विचार, भावना, समोरचं इंद्रियांनी टिपणं आणि आतून येणारी जाण. विचार आणि भावना ही एक जोडी, टिपणं आणि जाण ही दुसरी. जे आपण सर्वांत जास्त वापरतो, त्याचा जोडीदार सर्वांत कच्चा राहतो. उजव्या हाताने सगळं करणाऱ्याचा डावा हात राहतो तसा. ही कच्ची बाजू नाहीशी होत नाही. थकवा, कर्ज, आजारपण आलं की लहान मुलाच्या हट्टासारखी उसळून बाहेर येते. युंगच्या नजरेने पाहिलं तर त्या कार्यकर्त्याने सरकवलेलं ताट म्हणजे त्याची न वापरलेली भावना.

पुढे अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इसाबेल मायर्स यांनी यावरून सोळा प्रकारांची चाचणी तयार केली. आपली पोरं तशा चाचण्या आता मोबाइलवर सोडवतात. गंमत म्हणून ठीक, पण फार भरवसा ठेवू नका. तोच माणूस काही आठवड्यांनी पुन्हा बसला तर अनेकदा निकाल बदलतो. शिवाय बाबासाहेबांनी १९३६ साली, लाहोरला होऊ न शकलेल्या आपल्या भाषणात, गुणांवर आधारलेला चातुर्वर्ण्यसुद्धा नाकारला होता. माणसं इतकी निरनिराळी असतात की चार खणांत मावत नाहीत, हा त्यांचा मुद्दा. चाराचे सोळा खण केल्याने तो मुद्दा खोटा पडत नाही.

मग युंगकडून घ्यायचं काय? कच्ची बाजू वापरल्याने वाढते, एवढं. आपल्याला हे नवीन नाही. भिक्खू सोण श्रीमंत घरातला, कोवळ्या पायांचा. चंक्रमण करता करता त्याचे पाय रक्ताळले आणि घरी परतावं असं त्याच्या मनात आलं. तो पूर्वी वीणा वाजवत असे. फार ताणलेल्या किंवा फार ढिल्या तारांतून सूर निघतो का, असं भगवंतांनी त्याला विचारलं, आणि श्रद्धा, वीर्य, स्मृती, समाधी, प्रज्ञा ही पाचही इंद्रियं समतोल ठेवायला सांगितली. बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात याची फोड केली आहे. नुसती श्रद्धा वाढली तर माणूस नको त्यावर विश्वास ठेवतो. नुसती बुद्धी वाढली तर चलाखीकडे झुकतो, आणि तो रोग औषधानेच झालेल्या रोगासारखा, बरा करायला कठीण.

सराव शांत वेळी करायचा. भांडणाच्या भरात कोणी नवीन काही शिकत नाही. विचारी माणसाने रोज दहा मिनिटं घरातल्या कोणाचं तरी सल्ला न देता ऐकावं. 'तू असं करायला हवं होतंस' हे जिभेवर आलं की गिळावं आणि विचारावं, 'तुला एकटं वाटलं का?' ती कदाचित म्हणेल, 'एकटं नाही, राग आला होता.' मग तिचा शब्द धरून पुढे ऐकावं. पहिले काही दिवस नाटक केल्यासारखं वाटेल, ते चालायचंच.

सगळ्यांचं मन राखणाऱ्या ताईंचं उलटं असतं. बचत गटातून कर्ज काढून त्या भावाला देतात आणि हप्ते स्वतः फेडत बसतात. त्यांनी 'उद्या सांगते' एवढं म्हणायला शिकावं, आणि रात्री वहीत हप्ता किती, फेडणार कोण, ते लिहून काढावं.

चळवळीच्या स्वप्नात रमणारे जेवण विसरतात, बीपीची गोळी चुकवतात. त्यांनी गोळ्या ताटाशेजारी ठेवाव्यात आणि आठवड्यातून एकदा स्वतः स्वयंपाक करावा. कांदा चिरताना मन हातापाशी येतंच. आणि आजचा दिवस चोख पार पाडणाऱ्यांनी महिन्यातून एकदा घरच्यांसोबत पाच वर्षांनंतरचं बोलावं.

मात्र घरात हात उगारला जात असेल तर त्याला स्वभाव म्हणू नका. बायकांसाठी १८१ हा मदत क्रमांक आहे. दोन-दोन आठवडे झोप नाही, कशात मन लागत नाही, जगणं नको वाटतं, हाही स्वभाव नसून आजार असू शकतो. सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६, रात्रंदिवस सुरू, मोफत, आणि मराठीतून बोलता येतं.