पंप नवा, गाडी गप्प!

समजा, तुमच्या घरी एकच ट्रक आहे. त्याच्यावरच घर चालतं आणि त्याच्यावरच बँकेचा हप्ता. पंपाने दगा दिला म्हणून गाडी चार दिवस गॅरेजला लावली. उसनेपासने करून नवा डिझेल पंप बसवला. उद्या लासलगावहून कांदा भरायचाय. चावी फिरवली, सेल्फ जोरात फिरला आणि… काहीच नाही! गाडी स्टार्टच घेत नाही.

आता गंमत बघा. गॅरेजमध्ये उभा असलेला प्रत्येक जण लगेच डॉक्टर होतो. एक म्हणतो पंपच डुप्लिकेट लागला. दुसरा म्हणतो नोझल गेले, सगळे बदला. तिसरा म्हणतो, काही नाही हो, ढकला गाडी! यातलं काहीही ऐकलं की खर्च वाढतो आणि ट्रक आणखी दोन दिवस उभा राहतो. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही.

म्हणून थांबा. काल पंप खराब होता, आज तो नवा आहे. मधल्या वेळात कायकाय उघडलं, कायकाय परत जोडलं? पहिला संशय तिथेच घ्यायचा. जिथे शेवटचा पाना फिरला, तिथून शोध सुरू!

इंजिनला हवंय काय?

पेट्रोल गाडीत स्पार्क प्लग ठिणगी टाकतो. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. पिस्टन हवा इतकी दाबतो की तिचं तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जातं. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा उडाला की ते आपोआप पेट घेतं. म्हणजे तीनच गोष्टी लागतात. इंजिन जोरात फिरलं पाहिजे, डिझेल पूर्ण दाबाने पोचलं पाहिजे आणि ते बरोबर वेळेला पोचलं पाहिजे. बिघाड या तिघांपैकीच कुठेतरी असतो.

नेमका कुठे? ते सांगतो सायलेन्सर. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ठोकळे लावलेले. एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने धूर बघायचा. सेल्फ एका वेळी १०-१५ सेकंदांपेक्षा जास्त मारायचा नाही, मध्ये मिनिटभर विश्रांती द्यायची. नाहीतर सेल्फ जळेल आणि बिलात आणखी एक आकडा चढेल.

धूरच नाही? मग डिझेल पोचत नाहीये

आधी सगळ्यात साधी गोष्ट बघा. जुन्या पद्धतीच्या पंपावर इंजिन बंद करायचा एक लिव्हर असतो, केबलने किंवा सोलेनॉइडने चालणारा. नवा पंप बसवताना केबल आखूड बसली किंवा सोलेनॉइडची वायर राहिली, तर लिव्हर ‘बंद’लाच अडकतो. मग दिवसभर सेल्फ मारा, पंप डिझेल सोडणारच नाही. हे तपासायला दोन मिनिटं लागतात आणि पैसा शून्य.

पुढचा आरोपी म्हणजे हवा. पाइप उघडले की लाइनमध्ये हवा शिरते. डिझेल दाबलं जात नाही, हवा मात्र स्पंजसारखी दबते. पंपाचा सगळा जोर हवा दाबण्यातच जातो आणि नोझल उघडतच नाही. ड्रायव्हर लोक म्हणतात ना, ‘गाडीने एअर पकडली’, ते हेच.

एअर काढायची ती क्रमाने, टाकीकडून इंजिनाकडे. फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू सैल करायचा आणि हातपंप मारत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग एकसंध धार. धार आली की स्क्रू आवळायचा. मग पंपावरच्या स्क्रूला तेच. शेवटी जुन्या पंपाच्या गाडीत नोझलकडचे नट थोडे सैल करून सेल्फ मारायचा, डिझेल आलं की आवळायचे.

एवढं करूनही हवा परत येतेय? मग ती कुठूनतरी आत खेचली जातेय. टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन ओढीची असते. तिथे फट असेल तर डिझेल बाहेर गळेलच असं नाही, हवा गुपचूप आत जाते. म्हणून ‘कुठे गळत नाही’ म्हणजे ‘सगळं ठीक’ असं समजू नका. जुनेच तांब्याचे वॉशर परत वापरलेत का, पाइपला चीर आहे का, हे बघा. आणि हो, पंपाचे जाण्या-येण्याचे दोन पाइप उलटे तर लागले नाहीत ना?

पांढरा धूर? मग टायमिंग बघा

पांढरा धूर आणि कच्च्या डिझेलचा वास येत असेल तर डिझेल पोचतंय, पण पेटत नाहीये. सेल्फ मरतुकडा फिरत असेल तर आधी बॅटरी चार्ज करा. इंजिन हळू फिरलं की हवा पुरेशी तापत नाही.

सेल्फ दणकट असेल, तर टायमिंग. इंजिनाचे दोन फेरे होतात तेव्हा पंपाचा एक होतो. त्यामुळे मार्क जुळलेला दिसतो, पण पिस्टन चुकीच्या फेऱ्यात असू शकतो. मग हवा दाबली जाते तेव्हा डिझेल नाही आणि धूर बाहेर जायच्या वेळी डिझेल हजर! अशा वेळी नवा पंप निर्दोष असतो, बसवणंच चुकलेलं असतं.

बीएस-६ गाडीला हात लावण्याआधी

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ लागू झालं. या गाड्यांमध्ये सर्रास कॉमन रेल असते आणि तिथे नोझलकडचे नट सैल करायची जुनी सवय चालत नाही. ट्रकच्या टायरमध्ये साधारण ८ बार दाब असतो. कॉमन रेलमध्ये डिझेल दीड हजार बारच्याही वर जातं. ती धार कातडी भेदून आत शिरते. वरून टाचणीएवढी जखम दिसते, पण आत डिझेल पसरतं आणि हात गमवायची वेळ येऊ शकते. असं झालं तर मलम लावत बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

या गाडीत स्कॅनर लावा आणि सेल्फ मारताना रेलचा दाब बघा. ठरावीक दाब झाल्याशिवाय कॉम्प्युटर इंजेक्टर उघडतच नाही. पंपाचा एखादा कनेक्टर लावायचा राहिलाय का, तेही बघा. जुना पंप आतून झिजून तुटला असेल तर फिल्टरमध्ये चमचमता चुरा सापडतो. टाकी, पाइप, रेल साफ न करता नवा पंप चालवला, तर तोही त्याच वाटेने जातो.

पंप परत काढू देण्याआधी…

गाडी तुमची असो, वडिलांची असो, की दहावीनंतर आयटीआयला मेकॅनिक डिझेलचा एक वर्षाचा कोर्स करून तुम्ही स्वतःच पाना हातात घेतलेला असो. ‘पंप परत काढा’ असं कुणी म्हटलं की चार प्रश्न विचारा. सेल्फ मारताना धूर येतो का? एअर पूर्ण काढली का, की नुसताच सेल्फ मारला? स्टॉप लिव्हर आणि कनेक्टर बघितले का? टायमिंग कुणी आणि कसं तपासलं?

मिस्त्री चांगला असेल तर त्याला या प्रश्नांचा राग येणार नाही, उलट तो तुम्हाला बोलावून दाखवेल. आणि उत्तर नुसतंच ‘आम्हाला शिकवू नका’ असं आलं, तर नव्या पंपाचे पैसे मोजण्याआधी दुसऱ्या मिस्त्रीला एकदा गाडी दाखवा.