परसांतील फुलकोबी

बीडहून दक्षिणेकडे घाट चढून गेलें, कीं बालाघाटच्या पठारावर मांजरसुंबा लागतें. धुळें-सोलापूर हमरस्ता आणि नगरकडून केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता येथेंच एकमेकांस छेदतात. या गांवीं ज्याच्या घरामागें दोन वाफ्यांपुरती जागा आहे, अशा गृहस्थानें फुलकोबी लावण्याचें मनांत आणलें, तर त्याच्यापुढील पहिला प्रश्न खताचा नव्हे, तिथीचा आहे. नवशिक्या माणूस दुकानांतून हातीं येईल तें बीं आणतो आणि सवड मिळेल तेव्हां पेरतो. मग तीन महिने पाणी घालून लिंबाएवढा गड्डा पदरीं पडला, कीं तो जमिनीला दोष देतो. जमीन बिचारी बहुधा निर्दोष असते.

फुलकोबीचा जो भाग खाण्यांत येतो, तें खरें पाहतां फूल नव्हेच; न उमललेल्या कोंबांचा तो दाट गड्डा होय. पानें वाढविणें सोडून झाड गड्डा धरण्याकडे केव्हां वळेल, हें मुख्यतः हवेच्या उष्णतेवर ठरतें, आणि प्रत्येक वाणाची आवड निराळी. भूमध्य समुद्राकांठचें हें पीक १८२२ सालीं इंग्लंडांतून सहारणपूरच्या कंपनीबागेंत आलें, असें सांगतात. पुढें उत्तरेकडील माळ्यांनीं उष्ण हवेंतहि गड्डा धरणारीं झाडें निवडून त्यांचें बीं राखलें. त्या वाणांना नांवें पडलीं तीं महिन्यांचीं: कुंवारी, कातकी, अगहनी, पूसी, माघी, म्हणजे आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष, पौष आणि माघ. ज्या वाणाचें नांवच पंचांगांतलें, तो भलत्या महिन्यांत लावून कसें चालेल?

आजचे सुधारलेले वाणहि याच नियमानें चालतात. दिल्लीच्या पुसा संस्थेचा ‘पुसा दीपाली’ हा लवकरचा वाण सुमारें २० ते २५ अंशांत गड्डा धरतो; ‘स्नोबॉल’ जातीच्या उशिराच्या वाणांना १० ते १६ अंश लागतात. (ही संस्था मूळची बिहारांतील पुसा गांवची, १९३४ च्या भूकंपानंतर ती दिल्लीस गेली, पण नांव सोबत घेऊन गेली.) बीडकडे डिसेंबरांत पहाटे कडाका असला, तरी दुपारीं पारा २८-२९ अंशांपर्यंत चढतो. दिवसरात्रीची सरासरी विशीच्या आसपास येते. पहाटेच्या थंडीला भुलून स्नोबॉल लावणारा येथें फसण्याचा संभव अधिक. त्याऐवजीं लवकरचा किंवा मध्यम वाण घ्यावा, बीं भाद्रपदांत गादीवाफ्यावर टाकावें आणि आश्विनांत रोपें लावावीं, म्हणजे मार्गशीर्षांत गड्डे तयार होतात. याहून उशीर केल्यास दुसरेंहि संकट आहे. माघ-फाल्गुनांत पठारावरच्या विहिरी खालावूं लागतात. तेव्हां घरच्या पिण्याच्या पाण्याशीं स्पर्धा करणारी भाजी कोणाच्या कामाची?

दुसरी गोष्ट अशी, कीं या झाडाची वाढ एकदांहि अडतां कामा नये. चार-पांच आठवड्यांचें, चार-पांच पानांचें रोपच लावणीला योग्य. वाफ्यांत रखडून जून झालेलें रोप पुढें कितीहि खत घातलें तरी बटणाएवढा गड्डा धरून मोकळें होतें. नत्र कमी पडलें तरी तेंच. म्हणून दोन रोपांत हातभर, म्हणजे ४५ सेंटिमीटर अंतर ठेवावें, लावणीपूर्वीं चांगलें कुजलेलें शेणखत सढळ हातानें द्यावें आणि महिन्यानें नत्राचें वरखत. पाणी थोडें पण नियमित असावें. बुडाशीं वाळलेल्या पालापाचोळ्याचें आच्छादन घातल्यास पाण्याची पुष्कळ बचत होते. बादलीभर पाणी एकदम ओतून आठ दिवस विसरणें, ही शहरी बागाइताची संवय या पिकाला मुळींच मानवत नाहीं.

चुनखडीच्या जमिनींत बोरॉन असूनहि मुळांना मिळत नाहीं; मग गड्ड्यावर तपकिरी डाग पडतात व दांडा आंतून पोकळ होतो. लावणीपूर्वीं दर चौरस मीटरला एक ग्रॅम बोरॅक्स पाण्यांत विरघळवून द्यावा. अधिक नको, अधिक झाल्यास तोच विषासारखा बाधतो. किडींत चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी मुख्य. वाफ्याच्या कडेनें मोहरीची ओळ पेरल्यास पतंग अंडीं घालण्यास तिकडे वळतो. शिवाय निंबोळीचा अर्क आहेच.

गड्डा लिंबाएवढा दिसूं लागतांच भोंवतालचीं पानें वर घेऊन सैल बांधावीं, म्हणजे ऊन लागून तो पिवळा पडत नाहीं. पुढें रोज एकदां पानें उघडून पाहावें. गड्डा घट्ट आहे तोंवरच कापावा. आणखी मोठा होईल या लोभानें ठेवला, तर दोन दिवसांत तो सुटून विरळ होतो. कापतांना खालचीं चार-दोन पानें राखावीं. तीं कोंवळीं असल्यास त्यांचीहि भाजी चांगली होते.