सेन्सर आणाल, सातबाऱ्याचे काय?

दोडामार्गात 2002 साली कर्नाटकातून हत्ती आले, गडचिरोलीत 2021 साली छत्तीसगडमधून. हत्ती हाकायला सेन्सर बसवा, असे बोलले जाते. आमच्या पाथरीत हत्ती नाहीत. रोही, हरणे, रानडुकरे आहेत. सेन्सर जनावराच्या अंगाची उष्णता टिपतो, भोंगा वाजतो, जनावर पळते. जागल सुटणार असेल तर आम्हाला हवेच आहे. पण गायरान कसणाऱ्या आमच्या माणसाकडे सातबाराच नाही. त्याला अनुदान कुठले आणि नुकसानभरपाई कुठली? 14 एप्रिल 1990 पर्यंतची गायरान अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय 1991 साली निघाला. तरी अनेकांची नावे अजून लागलेली नाहीत. दादासाहेब गायकवाडांचा भूमिहीनांचा सत्याग्रह जमिनीसाठीच होता. यंत्र जरूर आणा. आधी कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर आणा!