हिरवी पाटी की पांढरी?

भंडारा जिल्ह्यातील आसगावसारख्या गावी एखाद्या घरात नवी मोटार घ्यायचे ठरले, की चर्चेला ऊत येतो. रंग कोणता घ्यावा, मागे सामान किती मावेल, गाडी दसऱ्याला आणावी की पाडव्याला? अलीकडे या प्रश्नांत एकाची भर पडली आहे. गाडीची पाटी पांढरी असावी की हिरवी?

प्रथम ही पाटी वाचायची कशी, ते पाहू. ‘एम.एच. ३६’ यातील पहिली दोन अक्षरे महाराष्ट्राची आणि ३६ हा आकडा भंडारा जिल्ह्याचा. इंग्लंडमध्ये २००१ सालापासून पाटीवरचा आकडा दरवर्षी मार्च आणि सप्टेंबरमध्ये बदलतो. त्यावरून गाडीचे वय चटकन कळते. म्हणून नवा आकडा आला की तेथे मोटारींच्या दुकानांत गर्दी होते. आपल्या पाटीवरून वय असे सांगता येत नाही. रंग मात्र बोलतो. खाजगी मोटारीची पाटी पांढरी, भाड्याच्या मोटारीची पिवळी. २०१८ साली विजेवर चालणाऱ्या मोटारींसाठी हिरवी पाटी आली. तिच्यावरील अक्षरे खाजगी गाडीला पांढरी, तर भाड्याच्या गाडीला पिवळी असतात. म्हणजे मोटारीची ऊर्जा विजेतून येते हे हिरवा रंग सांगतो. मग निवड करताना ऊर्जेचाच हिशेब मांडायला हवा.

समजा, पेट्रोलची एक मोटार एका लिटरमध्ये १८ किलोमीटर जाते. १०० किलोमीटरला तिला सुमारे साडेपाच लिटर पेट्रोल लागेल. एक लिटर पेट्रोल जळताना सुमारे ९.४ युनिटे ऊर्जा मिळते. (युनिट म्हणजे आपल्या वीजबिलातले तेच, किलोवॅट-तास.) म्हणजे एकूण ५२ युनिटे झाली. तेवढ्याच आकाराची विजेची मोटार १०० किलोमीटरसाठी घरच्या प्लगमधून अंदाजे १६ युनिटे घेते. एवढा फरक का बरे?

पेट्रोलच्या एंजिनात आधी उष्णता निर्माण होते आणि मग तिचे गतीत रूपांतर होते. सगळ्या उष्णतेचे कार्यात रूपांतर करणारे यंत्र बनवता येत नाही, हा निसर्गाचा नियम आहे. त्यामुळे ५२ पैकी जेमतेम चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो. उरलेली ऊर्जा रेडिएटर आणि सायलेन्सरमधून हवेत जाते. विजेच्या मोटारीत उष्णतेची ही मधली पायरीच नसते. शिवाय ब्रेक लावताना तिची मोटर जनित्रासारखी चालते आणि थोडी ऊर्जा बॅटरीत परत भरते.

मग हिरवी पाटी जिंकली का? थांबा! ती १६ युनिटे आली कोठून? आपल्या भागात नागपूर जिल्ह्यात कोराडी आणि मौदा, तर गोंदिया जिल्ह्यात तिरोडा येथे मोठी औष्णिक केंद्रे आहेत. तेथे कोळसा जळतो, वाफ होते आणि टर्बाइन फिरते. म्हणजे जी पायरी मोटारीत गाळली, ती वीजकेंद्रात आलीच. केंद्राची कार्यक्षमता ३५ टक्के धरा आणि तारांतून वाया जाणारी वीज १० टक्के धरा. १६ युनिटांसाठी कोळशातली ५१ युनिटे खर्ची पडतात. ही जवळजवळ पेट्रोलइतकीच ऊर्जा झाली!

आता कार्बन डायऑक्साइड पाहू. एक लिटर पेट्रोलमधून तो सुमारे २.३ किलो निघतो, म्हणजे १०० किलोमीटरला साडेबारा किलो. विजेत कोयनेसारख्या धरणांची, वाऱ्याची आणि सूर्याची वीजही मिसळलेली असते. ती धरून देशाची सरासरी एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो येते. तारांतली घट धरली, तर विजेच्या मोटारीचेही १२ किलोच्या वर जातात. बॅटरी बनवायला लागणारी ऊर्जा आणखी वेगळी.

असे असले, तरी दोन गोष्टी विसरू नका. पेट्रोलचा धूर गल्लीत, आपल्या नाकासमोर निघतो. विजेच्या मोटारीला धुराडेच नसते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. एवढ्या काळात पेट्रोलचा स्वभाव बदलणार नाही, पण वीज कशापासून करायची हे बदलता येते. छपरावर एक किलोवॅटचे सौर पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिटे देते. चार किलोवॅटची पॅनेले असतील, तर एका दिवसाच्या उन्हावर १०० किलोमीटर! भंडाऱ्याच्या उन्हाला तोटा नाही. मात्र तेच ऊन बॅटरीला सोसत नाही. सतत तापल्यास तिचे आयुष्य घटते, म्हणून गाडी सावलीत ठेवावी.

घरची वीजही तपासायला हवी. १५ अँपिअरच्या प्लगमधून २३० व्होल्टला जास्तीत जास्त ३४५० वॅट मिळतात. प्रत्यक्षात ३ किलोवॅट धरले, तर १६ युनिटे भरायला पाच-साडेपाच तास लागतील. रात्री वीज टिकते का? व्होल्टेज पडते का? वायरिंग आणि अर्थिंग नीट आहे का? आणि लांबच्या प्रवासात वाटेत बॅटरी भरण्याची सोय आहे का?

तेव्हा तुमच्या घरी मोटारीचा विषय निघाला, की वही-पेन्सिल घेऊन बसा. महिन्याला किती किलोमीटर फिरणे होते ते बाबांना विचारा. आजचा पेट्रोलचा भाव आणि वीजबिलातला युनिटचा दर घेऊन दोन्ही खर्च काढा. दोन मोटारींच्या किमतींतला फरक किती वर्षांत भरून निघतो, ते शोधा. रोज फिरणाऱ्या कुटुंबाचे उत्तर आणि महिन्यातून दोनदा गाडी काढणाऱ्याचे उत्तर सारखे येणार नाही. पाटीचा रंग उत्तर आल्यावर ठरवावा.