दगडी मूर्ती घरात मांडताना

बेलापूरच्या सिडको अर्बन हाटमधून, जत्रेतून आपण हौसेनं दगडी मूर्ती आणतो आणि फळीच्या कडेला ठेवतो. पण एक लिटरच्या तांब्याएवढा काळा दगड जवळपास 3 किलो भरतो. रांगत्या पोरानं ओढला तर?

म्हणून आम्ही गटात सांगतो, जड मूर्ती खाली, भिंतीलगत मांडा. तळाला रबराचा तुकडा ठेवा. लिंबू-चिंचेनं संगमरवराची झळाळी जाते. शंखजिऱ्यावर नखाचाही ओरखडा उठतो. मऊ फडक्यानंच पुसा. झिंबाब्वेचे शोना कारागीर दगड तापवून मेण चोळतात, तिथं साबण घासू नका.

आणि माळ्यावरचं जातं? तेही पाथरवटानं हातानंच घडवलंय. फेकू नका, दाराशी मानानं मांडा.