"काठीला कशाला एवढे पैसे?"

गणेशपुरीत भजन आटोपून मी व्हायोलिन पेटीत ठेवायला घेतलं, की कुणीतरी विचारतंच, "वाजतं ते व्हायोलिन. काठीला कशाला एवढे पैसे?" या प्रश्नाचा आता वीट आलाय, तरी पुन्हा सांगतो.

व्हायोलिन तेच ठेवा, ती काठी, म्हणजे गज, तेवढा बदला. हलका-भारी तोल न साधलेला गज मधोमध आला की तारेवर थरथरतो आणि लांब मींड तिथेच फाटते. गजाननराव जोशींसारख्यांनी व्हायोलिनवर गायकी आणली. तिच्यात स्वर गळ्यातल्यासारखा श्वासभर टिकवावा लागतो. डावा हात स्वर शोधतो. तो स्वर फुगवायचा, विरवायचा, ते उजव्या हातातल्या जेमतेम 60 ग्रॅमच्या गजाने.

हे वजन लांबीभर कसं वाटायचं, इथे कारागिराची कसोटी लागते. आजच्या गजाची घडण अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या फ्रान्स्वा झाविए तुर्त (1747–1835) याने पक्की केली. संगीत-अभ्यासक फेतिसच्या 1856 च्या ग्रंथात त्याच्या गजाची मापं आहेत: मुठीकडे जाडी 8.6 मिलिमीटर, टोकाशी 5.3. पाऊण मीटरच्या आत हा सव्वातीन मिलिमीटरचा उतार बसवायचा. रंधा जरा जास्त फिरला की टोक लुळं पडतं, आणि काढलेलं लाकूड परत लावता येत नाही.

गजाचा बाक तासून काढतात, असंही ठासून सांगितलं जातं. साफ चूक! काठी सरळच तासतात, मग विस्तवावर शेकून हळूहळू वाकवतात. तासून बाक दिला तर रेषेच कापले जातील, मग काठीत जोर कुठला?

गजाला लावलेल्या घोड्याच्या केसांचे खवले तार ओढतात म्हणे. कोऱ्या केसांचा गज राळ न लावता फिरवून बघा, आवाज जवळजवळ येतच नाही. तार धरते आणि सोडते ती राळ. 440 कंपनांच्या स्वराला सेकंदात 440 वेळा.

फ्रेंच शिक्का म्हणजे अस्सल? तुर्तने तर सहसा शिक्काच मारला नाही. गजासाठीचं परनांबुको लाकूड हवं तेवढं मिळतं? ब्राझीलमधलं ते झाड संकटात आहे. 2007 पासून त्याचा व्यापार संकटातल्या प्रजातींसाठीच्या साइटीस या आंतरराष्ट्रीय करारानुसार नियंत्रित आहे.

आणि काठी सरळ होईस्तोवर केस ताणायचा स्क्रू आवळू नका. वाजवतानाही बाक केसांकडेच राहिला पाहिजे. आपल्याकडे पावसाळ्यात केस ओल धरून लांबतात, म्हणून लोक आवळत सुटतात. तोच गज तसाच ताणलेला मुंबईच्या एसी सभागृहात गेला की केस आखडतात आणि सगळा ताण काठीवर येतो. म्हणून शिकायला येणाऱ्या मुलांना मी पेटी मिटू देत नाही, आधी गज सैल केलेला दाखवा म्हणतो.